मांडव कुणाच्या दारात?

२०१६ च्या अखेरीस, नोटबंदीच्या धामधुमीत, उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं सुमारे २० हजार थकबाकीदार शेतकऱ्यांना पत्रं धाडली. (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं ते २०२३ मध्ये.) पत्राचा मथितार्थ असा होता की पैसे भरा, नाहीतर तुमच्या दारासमोर मांडव घालू, बँड लावू, घंटानाद करू, आणि त्यातून समाजात तुमची जी अप्रतिष्ठा होईल ती तुम्ही बघा. या प्रकाराला ‘गांधीगिरी’ असं नाव होतं. पी. साईनाथ यांनी तेव्हा ‘पारी’वर त्याबद्दल सविस्तर लिहिलं होतं. या २० हजार शेतकऱ्यांकडे मिळून बँकेचे सुमारे १८० कोटी अडकले होते. त्याच बँकेचे साडेतीनशे कोटींच्या आसपास रुपये दोन साखर कारखान्यांकडे थकले होते, तेरणा आणि तुळजाभवानी. त्यांच्या दारात बँड वाजवायचा बेत नव्हता. कारखाने बंद आहेत, तिथं ही युक्ती लागू पडत नाही, असं बँकेकडून सांगण्यात आलं.

बंद कारखान्याला लाज वाटत नाही, हे बँकेचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

या पत्राबद्दल तेव्हा जे बोललं गेलं ते बहुतेक आकड्यांबद्दल होतं. मला बोचलं ते धमकीचं साहित्य. मांडव आणि बँड. आमच्याकडं माणूस ज्या एका दिवसासाठी दहा वर्षं जीव काढतो, त्या दिवसाच्या या खुणा. दारात मांडव पडला म्हणजे घर उभं आहे, पाहुणे येणार, चार माणसांत नाव आहे. बँकेनं तोच मांडव, तोच बँड उचलला आणि सांगितलं की, लग्नात वाजवून जे कमावलंस, ते आम्ही दारात वाजवून घालवू. जप्ती, लिलाव, दावे यांना वर्षं लागतात. लाजेचं काम एका दुपारी होतं. ज्यानं कुणी हे पत्र लिहिलं, त्याला इथली माणसं नीट माहीत होती.

आता प्रश्न असा की बँडनं माणूस एवढा का घाबरतो? गावात सगळ्यांवरच कर्ज आहे. सोसायटीचं आहे, बँकेचं आहे, खताच्या दुकानाची उधारी आहे, बायकोच्या गटाचं आहे, आणि ज्याचं नाव घेत नाहीत त्याचंही आहे. थोडंफार सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. तरीही बँड वाजला की तो ‘कर्जबाजारी’ होतो. हा शब्द आम्ही ‘दारुडा’ या शब्दाच्याच सुरात उच्चारतो. म्हणजे तो त्या माणसाच्या स्वभावातला दोष. पावसानं ओढ दिली, सोयाबीनचा भाव पडला, बोअर आटला, यातलं त्यात काहीच येत नाही. दोष त्याचा, त्यामुळं झाकणंही त्याचंच काम.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आम्ही शहाणपण म्हणून शिकलो. माझं भांडण या म्हणीशी आहे. झाकलेली मूठ सव्वा लाखाची असेलही, पण ते सव्वा लाख भरतं कोण, हे म्हण सांगत नाही.

सोयरिकीच्या पंधरा-वीस बैठकांना मी बसलो आहे. शिकलेला, बाहेर राहून आलेला माणूस बैठकीत असला की घराचं वजन वाढतं, असा समज आहे. म्हणून मला नेतात. निघण्याआधी घरातला एखादा जाणता माणूस सूचना देतो. ‘कर्जाचं काही काढू नका. इच्यारलंच तर म्हणा, पीककर्ज हाय थोडं, सगळ्यालाच असतंय.’ मग मुलगा ‘पुण्याला कंपनीत’ असतो. तो कंत्राटदाराकडं काही महिन्यांच्या करारावर आहे, हे त्या दोन शब्दांत मावतं. जमीन सांगताना भावकीतल्या वाट्यासह सांगतात. दारातली गाडी चुलतभावाची असते, तिला त्या दिवसापुरतं घराशी नातं मिळतं. आणि हे एकीकडचंच असतं असं समजू नका. मुलीकडूनही झाकपाक तितकीच असते. तिचं वय, तिला येणारे फिट्सचे झटके, आधी मोडलेली सुपारी. दोन घरं समोरासमोर बसून एकमेकांना अर्धवट खरं सांगतात आणि दोघांनाही समोरच्याचं अर्धवट आहे हे माहीत असतं. पोहे बरे असतात.

अलीकडं या झाकाझाकीत एक भर पडली आहे. सातबारा आता कुणालाही मोबाइलवर बघता येतो. बँकेनं जमीन तारण घेतली की ‘इतर अधिकार’च्या रकान्यात बोजा चढतो. मुलीचा मामा बैठकीच्या आदल्या रात्री गट नंबर टाकून तो रकाना वाचतो. मला हे आधी चांगलं वाटलं होतं. निदान एक कागद तरी खोटं बोलणार नाही. पण मूठ हुशार असते. माझ्या माहितीतल्या एका घरानं मुलाचं जमवायच्या वर्षात बँकेचं कर्ज फेडून सातबारा कोरा केला. त्यासाठी पैसे खासगी माणसाकडून उचलले, महिन्याला शेकड्याला तीन रुपयांनी. म्हणजे साताठ टक्क्यांचं पीककर्ज काढून टाकून छत्तीस टक्क्यांचं गळ्यात घेतलं, कारण ते कागदावर दिसत नाही. ‘सातबारा कोरा’ ही शेतकऱ्यांची जुनी मागणी, निवडणुकीत हमखास मिळणारं आश्वासन. आमच्याकडं तो असाही कोरा होतो.

इथं मुलांकडच्यांवर दडपण का वाढलं, हेही सांगितलं पाहिजे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८६७. २००१ ची ती मुलं आज लग्नाच्या वयात आहेत, २०११ ची लवकरच येतील. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. सगळे हसले. पण ज्या घरांनी मुली जन्मू दिल्या नाहीत, त्याच घरांना आता सून हवी आहे, आणि आपल्याकडं देण्यासारखं काय आहे हे दाखवताना त्यांचा घाम निघतो. एक झाकलेली गोष्ट दुसरीला जन्म देते, ती अशी.

या टप्प्यावर लेख कुठं जातो, हे वाचकाला पाठ असेल. साधी लग्नं करा. खोट्या प्रतिष्ठेच्या मागं लागू नका. अंथरूण पाहून पाय पसरा. गाडगेबाबांनी कीर्तनांतून हे सांगितलं, कर्ज काढून लग्न करू नका म्हणून, आणि ते त्यांना शोभत होतं. त्यांच्या हातात झाडू होता आणि डोक्यावर गाडगं. पण पुण्यातल्या वातानुकूलित सभागृहात शेतकऱ्याच्या लग्नखर्चावर हळहळणाऱ्या माणसाचा मला राग येतो. हे गाऱ्हाणं त्याचं स्वतःचंही नाही, इंग्रज साहेबाचं आहे. कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं एकोणिसाव्या शतकातले अधिकारी म्हणतच होते. १८७५ च्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगानं चौकशी केली, तेव्हा त्यालाही लिहावं लागलं की कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. सरकारी आयोगाला दीडशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आपल्या व्याख्यात्यांना अजून कळायची आहे.

लग्नामुळं शेतकरी बुडत नाही. बुडालेला शेतकरी लग्नात बुडालो नाही असं दाखवतो. या दोन वाक्यांत अंतर आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या अंतरात आहे.

त्या १८७५ च्या दंग्याकडं जरा थांबून बघावं असं मला वाटतं. मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली आणि मग पुणे-नगरच्या गावांत ते पसरलं. लोकांनी सावकारांकडं मागितलं काय? कर्जरोखे. ते हातात आले की चौकात जाळले. विचार करा, रोखा जाळायचा तर आधी चारचौघांत म्हणावं लागतं की हा माझा आहे. माझं नाव, माझा अंगठा, माझा आकडा. त्या दिवशी सुप्यात कुणाचीही मूठ झाकलेली नव्हती. कर्ज ही सगळ्या गावाची एकत्र गोष्ट होती, म्हणून तिचं राजकारण झालं, आयोग बसला, १८७९ चा कायदा आला. शंभर वर्षांनी शरद जोशींनी शेतकऱ्यांना न्यायालयात नादारीचे अर्ज करायला सांगितलं, त्यातही हीच ताकद होती. ‘मी फेडू शकत नाही’ असं हजारो माणसांनी सही करून म्हणणं. एकट्यानं म्हटलं की ती बेअब्रू, हजारांनी म्हटलं की ती मागणी.

आज तेच कर्ज पुन्हा घराच्या आतल्या खोलीत गेलं आहे. आणि आतल्या खोलीतही सगळ्यांना ठाऊक नाही.

आपण समजतो की कर्ज पाहुण्यांपासून, सोयऱ्यांपासून, भावकीपासून लपवलं जातं. सगळ्यात आधी ते लपवलं जातं बायकोपासून. २०१७ च्या कर्जमाफीचा अर्ज ऑनलाइन होता आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं असं धरलं होतं. नवरा-बायको जोडीनं केंद्रावर जात, आधारवर अंगठे देत. तालुक्याच्या गावी अशा एका केंद्राबाहेरच्या रांगेत मी काही दिवस काढले. आत संगणकावरचा पोरगा खाती मोठ्यानं वाचायचा, कारण गोंगाट होता. सोसायटीचं एवढं. मध्यवर्तीचं एवढं. आणि हे ग्रामीण बँकेचं. पदर सावरून उभी असलेली बाई नवऱ्याकडं बघायची. ‘हे कवाचं?’ तो काही बोलायचा नाही. ही एका बाईची गोष्ट नाही. थोड्याफार फरकानं मी ती अनेकदा पाहिली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बायकांना आपल्या घराचा आकडा पहिल्यांदा सांगितला तो अनोळखी पोरानं, स्क्रीनवरून वाचून.

पुरुषांना विचारलं तर उत्तर ठरलेलं. ‘तिला कशाला ताण?’ यात माया आहे, मी नाकारत नाही. पण त्याच घरात पहाटे पाचला उठून शेळ्या, पाणी, चूल, खुरपणं उरकणाऱ्या बाईला आणखी कसला ताण राहिला आहे? ज्याला आकडा माहीत, तो ठरवणार: काय विकायचं, कुणाकडं जायचं, मुलीला पुढं शिकवायचं की स्थळ बघायचं. आकडा लपवणं म्हणजे निर्णय आपल्याकडं ठेवणं. इज्जतीच्या नावाखाली हा घरातला कारभार आहे, आणि त्याला मायेचं नाव देणं आता पुरे.

बायकांचं कर्ज मात्र असं नसतं. फायनान्सच्या गटात दहा जणी एकत्र बसतात, साहेब येतो, प्रत्येकीचा हप्ता सगळ्यांसमोर मोजला जातो. कुणावर किती, कुणाचा हप्ता चुकला, सगळं उघडं. म्हणजे उघडेपणानं सगळं सुटतं असंही मी म्हणत नाही; हप्ता चुकला की त्याच नऊ जणींना तिच्या ओट्यावर आणून बसवतात, तोही एक बँडच. फरक एवढाच की तिच्या अडचणीला नऊ साक्षीदार असतात. तिच्या नवऱ्याच्या अडचणीला एकही नसतो.

साक्षीदार नसणं म्हणजे काय, हे नंतर कळतं. शेतकरी आत्महत्यांमुळं या जिल्ह्याचं नाव इतकं पुढं आलं की २०१५ मध्ये सरकारनं ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केलं ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. आत्महत्येनंतर कुटुंबाला मदत मिळते एक लाख रुपये. २००६ मध्ये ठरलेली ही रक्कम, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं, नापिकीमुळं फेडता आलेलं नसावं, वसुलीचा तगादा असावा. आणि हे सगळं कागदानं दाखवावं लागतं. म्हणजे ज्या माणसानं हयातभर कर्ज नाही असं दाखवलं, त्याच्या बायकोनं तो गेल्यावर कर्ज होतं हे सिद्ध करायचं. तिला आकडा माहीत नाही. कुणाकडून घेतलं ते माहीत नाही. परवाना नसलेल्या सावकाराकडं पावती नसते; असलाच तर खरेदीखताचा कागद असतो, ज्यात तारणाचा शब्द नाही, जमीन विकली असं लिहिलेलं आहे. २०१४ च्या सावकारी कायद्यात अशी जमीन चौकशी करून परत देण्याची तरतूद आहे. पण चौकशीत कुणीतरी म्हणावं लागतं की हा विक्रीचा व्यवहार नव्हता, हे कर्ज होतं, माझ्यासमोर झालं. लपवलेल्या कर्जाबद्दल हे कोण म्हणणार? कागद ‘अपात्र’ होऊन परत येतो.

सव्वा लाख कोण भरतं, ते हे.

माझ्याशी वाद घालणारे म्हणतात, तुझं काय जातं? खरं सांगितलं तर पोराचं लग्न होत नाही, दुकानदार उधारी बंद करतो, सावकारसुद्धा व्याज वाढवतो. हे सगळं खरं आहे. ज्याच्याकडं पत दाखवण्यापलीकडं काहीच उरलं नाही, त्याला ती सोडून दे म्हणणं सोपं नाही. म्हणूनच मी त्याला खोटारडा म्हणायला तयार नाही. पण झाकून लग्न होतं आणि पुढं सहा महिन्यांत सगळं बाहेर येतं, तेव्हा ते कुणाच्या अंगावर येतं, याचंही उत्तर वाद घालणाऱ्यांनी द्यावं. सुनेच्या अंगावर येतं. तिच्या माहेरहून ‘थोडी मदत’ मागण्याची भाषा तिथंच सुरू होते. मुलीकडच्यांनी झाकलं असेल तर तेही तिच्याच अंगावर येतं. झाकणारे दोन पुरुष, बहुतेक वेळा दोघेही भला माणूस म्हणून ओळखले जाणारे, आणि किंमत मोजणारी बैठकीत चहा देऊन आत गेलेली.

एक घर मला माहीत आहे जिथं बापानं ठरवलं की आकडा सांगूनच पुढं जायचं. तीन ठिकाणांहून निरोपच आला नाही. चौथ्या ठिकाणी हा बोलला आणि क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग मुलीच्या बापानं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला आणि स्वतःचा आकडा सांगितला. तो याच्यापेक्षा मोठा होता. दोघं मग तासभर सोयाबीन, तूर आणि मध्यवर्ती बँकेबद्दल बोलत बसले, लग्नाचा विषय राहूनच गेला. सोयरीक पुढं जमली नाही, मुला-मुलीची नाडी एक निघाली. पण दोघं अजून एकमेकांना फोन करतात.

मला हवंय ते फार मोठं नाही. बायोडाटात देवक लिहिता, रास लिहिता, मामाचं कूळ लिहिता, मग त्याखाली कर्जाची एक ओळ लिहा, दोन्हीकडच्यांनी. सोसायटीची आणि बँकेची नोटीस खातेदाराबरोबर त्याच्या बायकोच्या नावानंही काढा. पात्र-अपात्र ठरवणाऱ्या समितीनं परवाना नसलेल्या सावकाराचं कर्जही कर्ज माना, आणि कागद नसेल तर गावातल्या चार माणसांचा जबाब घ्या. त्या चार माणसांनी तो द्यावा; गावात कोण कुणाकडून पैसे उचलतं हे त्यांना माहीत असतं, आणि बैठकीत पाहुण्यांसमोर गप्प राहण्याची त्यांची सवय तहसीलमध्येही तशीच चालू राहते.

आणि कुठल्या बँकेला पुन्हा बँड लावायची हौस आली, तर थकबाकीदारांची यादी आकड्यानुसार लावावी, सगळ्यात मोठा सगळ्यात वर. वाजवत वाजवत खाली यावं. वीस हजारांच्या दारापर्यंत पोहोचायला वाजंत्र्यांना बराच वेळ लागेल.